ग्रुपवर लिहिलेलं घरभर होतं

कापसाची वेचणी लागली की गटाच्या बैठकीला दिवस सापडत नाही. म्हणून आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बचत गटाचं कितीतरी बोलणं आता व्हॉट्सॲपवरच होतं. सोय झाली, हे खरंच. पण बैठकीत बोलायची जी रीत आपण कमावली, ती फोनवर आपोआप येत नाही.

बैठकीत आपण गोल बसतो. एखादीचा हप्ता थकला तर विचारताना तिचं तोंड दिसतं. डोळे भरले की अध्यक्षताई विषय बदलतात, मग ओट्यावर बसून हळूच विचारतात. "कवा भरता पैसे?" हे हसत म्हटलं तर थट्टा, तेच लिहून आलं की दरडावल्यासारखं वाटतं. शिवाय फोन तिचा एकटीचा कुठं असतो? बऱ्याच घरांत एकच मोठा फोन, तोही पोराच्या हातात. तिच्याआधी तो वाचतो, मग सासऱ्यांच्या कानावर जातं. बैठकीतलं बोलणं दहा-बारा जणींत राहायचं. म्हणून थकलेल्या पैशाचं ग्रुपवर काढूच नये, तिच्याशी समोरासमोर बोलावं, असं आमचं ठाम मत आहे.

ज्यांना लिहिता येत नाही त्या बोलून निरोप पाठवतात. त्याला कोणी हसू नये. आवाजात निदान माया तरी कळते!

आता ॲडमिनचं. कोणी वंगाळ लिहिलं तर पोलीस आपल्याला धरतील, या धाकानं कितीतरी जणी ॲडमिन व्हायला नको म्हणतात. आपल्या विदर्भातल्याच गोंदिया जिल्ह्यात एकानं ग्रुपवर एका बाईला अर्वाच्य भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये ॲडमिनवरचा हा खटला रद्द केला. ॲडमिनला माणसं जोडता येतात, काढता येतात. दुसरा काय लिहील हे त्याच्या हाती नसतं. दोघांचं आधीच संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

निकाल बरोबरच आहे. पण आमच्या मनात दुसरंच येतं: ते वाचणारे बाकीचे काय करत होते? भर बैठकीत बाईला असं कोणी बोललं असतं तर चार जणी उठल्या असत्या. ग्रुपवर जी ती दुसरीची वाट पाहते. तेव्हा पहिली वाचेल तिनंच लिहावं, "असं बोलायचं नाही." ॲडमिनला तर २०२२ पासून कोणाचाही निरोप सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं, बैठकीतून उठून गेल्यासारखं. आता ती सूचना फक्त ॲडमिनला जाते. दुखावलेली बाई गुपचूप निघून जाते, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. तुम्ही ॲडमिन असाल आणि असं दिसलं, तर लगेच पुन्हा जोडू नका. संध्याकाळी तिच्या घरी जा आणि काय झालं ते आधी ऐकून घ्या.