दुकानाची पाटी आणि तिचा पत्रा

दुकानाच्या पाटीवर काय लिहावे याविषयी महाराष्ट्रात जेवढा वाद झाला, त्याच्या शतांशानेही ती कशावर लिहावी याचा विचार झालेला नाही. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन नामफलक देवनागरी लिपीत, मराठी भाषेत असावा आणि त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुदतीच्या धाकाने पाटी बदलू पाहणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी जो जिन्नस येतो, तो म्हणजे लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेला फ्लेक्स. आज दुपारी मजकूर दिला तर उद्या पाटी तयार, आणि खर्चही बेताचा. परंतु पीव्हीसीचा लेप दिलेले ते कापडच असल्यामुळे दोनतीन उन्हाळ्यांत त्याचा रंग विटतो, ते सैल पडते, आणि वाऱ्याने एकदा कोपरा सोडला की नवा फ्लेक्स आणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तात्पुरत्या कामाला तो योग्यच आहे. पिढीजात पेढीच्या नावाला मात्र तो शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायम टिकणारी पाटी करावयाची ठरल्यावर बहुतेक दुकानदार प्रथम दर विचारतात, क्वचित रंग विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न प्रकाशाचा आहे. रात्री उजेड पाटीच्या आतून यावयाचा असेल, म्हणजे ज्याला बाजारात ग्लो साइन म्हणतात ती पेटी करावयाची असेल, तर दर्शनी भाग पारभासी हवा, आणि तेथे दुधी अ‍ॅक्रिलिकला तोड नाही. उजेड वरच्या दिव्यांतून किंवा उठावदार अक्षरांच्या पोटातून यावयाचा असेल, तर मागचा तक्ता अपारदर्शक, सपाट आणि ताठ असणे एवढेच पुरे. ही निवड न करता घेतलेला पत्रा बहुधा चुकीचा ठरतो.

अपारदर्शक तक्त्यांत पूर्वी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आणि त्यावर पेंटरने तैलरंगात रेखाटलेली अक्षरे हाच दस्तूर होता; कोपऱ्यात पेंटरची लहानशी सही असे, आणि रंग उडाला की त्याच पत्र्यावर नवा हात फिरवला जाई. आज त्याची जागा बव्हंशी एसीपीने घेतली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पॉलिथिलिनचा गाभा दाबून बसवलेला हा तक्ता पश्चिम युरोपात १९६०च्या दशकाच्या अखेरीस निघाला. आपल्याकडे तो तीन व चार मिलिमीटर जाडीत आणि मुख्यत्वे आठ फूट बाय चार फूट या मापात मिळतो. चार मिलिमीटर जाडीचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यांचा तक्ता चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो भरतो, तर अवघ्या एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा जवळजवळ आठ किलो. इतका हलका असूनही एसीपी लाटा न पडता सपाट राहतो, आणि मागच्या बाजूने राउटरने खाच पाडली की हाताने काटकोनात वळतो. मात्र बाजारात एसीपी या एकाच नावाखाली भिन्न प्रतीचा माल विकला जातो. पाव मिलिमीटरहूनही पातळ पापुद्र्याचा आणि साध्या पॉलिएस्टर रंगाचा तक्ता घराच्या आत भिंतीला लावण्याजोगा असतो. उन्हापावसात राहणाऱ्या पाटीसाठी पापुद्रा जाड आणि रंग पीव्हीडीएफ जातीचा मागावा. गाभ्याचीही चौकशी करावी. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे दगावली, आणि त्या इमारतीच्या बाह्य आवरणात पॉलिथिलिनच्या गाभ्याचेच तक्ते होते. दुकानाची पाटी ही काही चोवीस मजल्यांची इमारत नव्हे, हे खरे. तरीही ज्या पाटीच्या पोटात विजेच्या तारा आहेत आणि डोक्यावर कोणाचे तरी बिऱ्हाड आहे, तेथे आगरोधक गाभ्याचा तक्ता घेण्यात कंजुषी करू नये.

सनबोर्ड म्हणून ओळखला जाणारा फोम पीव्हीसीचा तक्ता स्वस्त, हलका आणि कापायला मऊ. परंतु सोलापूर-नागपूरच्या उन्हात, विशेषतः गडद रंगाचा असेल तर, तो तापून नरमतो आणि दोन आधारांच्या मध्ये पोट काढतो. तो सावलीत वापरावा. प्लायवूडचे कारण वेगळे, निष्पत्ती तीच: कडा नीट बंद केल्या नाहीत तर कोकणचा एक पावसाळा त्याचे थर सोडवायला पुरेसा होतो.

परंतु या साऱ्या प्रकरणाचे मर्म पत्र्यात नसून पत्रा आणि चौकट यांच्या संबंधात आहे, आणि नेमके तेथेच कारागीर व गिऱ्हाईक दोघेही बेफिकीर असतात. बारा फूट लांबीची पाटी घ्या. थंडीतल्या पहाटेपासून भर उन्हाच्या दुपारपर्यंत तिच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर तिची लोखंडी चौकट पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास लांबते, एसीपी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतो, आणि अ‍ॅक्रिलिक तब्बल दहा मिलिमीटर. एकाच खोलीत राहणाऱ्या तीन भावांनी वेगवेगळ्या वेगाने वाढावे आणि खोलीला मात्र खबर नसावी, तशी ही स्थिती असते. म्हणून अ‍ॅक्रिलिक स्क्रूने आवळून चौकटीला जखडले, तर त्याला भोकापासून तडा जातो. ते चौकटीच्या खाचेत चारही बाजूंना मोकळीक ठेवून बसवावे, आणि भोक पाडणे अपरिहार्यच असेल तर ते स्क्रूपेक्षा मोठे पाडावे. देवनागरीत तर हा प्रश्न अक्षरांपर्यंत पोहोचतो, कारण शिरोरेषेमुळे दुकानाचे अख्खे नाव एकसंध कापले जाते, आणि रोमन अक्षरांसारखे सुटे सुटे न वाढता ते एका दमात लांबते. सबब लांबलचक शब्द मध्यभागी घट्ट आणि टोकांना सैल बसवण्याची तजवीज करावी. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, यांना जागा देता देता मूळ अक्षर तक्त्याच्या निम्म्या उंचीहून फार मोठे राहत नाही, याचाही विचार माप ठरवतानाच व्हावा. तक्ता चार फूट रुंद असल्यामुळे दोन फूट उंचीची पाटी काटकसरीची ठरते, आणि तीन फुटांची पाटी केली की फूटभर पट्टी वाया जाते.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू असतो. खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. म्हणून दोहोंमध्ये रबराची पट्टी घालावी आणि चौकट नीट रंगवून घ्यावी. जोडकाम करताना जस्ताचा मुलामा जळतो, आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो. खालच्या पाइपाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे नसतील, तर चौकट आतून कुजते आणि बाहेरून सुरेख दिसत राहते. भिंतीतल्या बोल्टांचा हिशेबही यातलाच: भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि तेवढ्या वाऱ्यात बारा फूट बाय तीन फूट पाटीवर चारशे किलोंच्या घरात दाब येऊ शकतो.

ग्लो साइनच्या पेटीत एलईडीची पट्टी अ‍ॅक्रिलिकच्या फार जवळ आली, तर रात्री उजेडाऐवजी ठिपके दिसतात. पेटीची खोली साधारणतः पट्टीवरील एलईडीच्या दोन मॉड्यूलांमधील अंतराइतकी तरी असावी. अ‍ॅक्रिलिक स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नये, त्यावर बारीक चिरा पडतात. साबणाचे पाणी पुरते. समोर मुले क्रिकेट खेळत असतील तर पॉलिकार्बोनेट घ्यावे, मात्र त्याचा ऊन सोसणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू बाहेर आली पाहिजे. उलटा बसवलेला तक्ता काही वर्षांत पिवळा पडतो. एसीपीच्या संरक्षक कागदावर छापलेले बाण सर्व तुकड्यांत एकाच दिशेला ठेवावेत, नाहीतर चंदेरी रंगाच्या दोन शेजारी तुकड्यांत उघड फरक दिसतो. तो कागद पाटी बसताच काढून टाकावा, उन्हात तो भाजून तक्त्याला चिकटतो; आणि उरलेला एखादा तुकडा दुकानात जपून ठेवावा, कारण दुरुस्तीच्या वेळी कारखान्याच्या दुसऱ्या खेपेतला रंग पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही.