औषधाला कार्बनचे वाहन

केमोथेरपी म्हटले की रुग्णाच्या आधी नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. केस जाणे, उलट्या, तोंड येणे, अंगातली शक्ती जाणे, हा बराचसा त्रास रोगाचा नसून औषधाचा असतो, हे सर्वांनी ऐकलेले असते. त्यामुळे "डॉक्टर, साइड इफेक्ट नसलेली नवी केमो निघाली आहे म्हणे, तीच द्या" अशी मागणी अलीकडे माझ्याकडे वरचेवर होते. मोबाईलवर आलेला मजकूरही दाखवला जातो. त्यात 'नॅनो' आणि 'कार्बन' हे दोन शब्द बहुधा असतातच. त्यात तथ्य किती, ते आज पाहू.

प्रथम त्रास का होतो ते समजून घेऊ. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात. केमोची बहुतेक जुनी औषधे अशा वाढत्या पेशींनाच मारतात. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारा हाडातील मगज, येथील पेशीही झपाट्याने वाढणाऱ्याच. शेतात तणनाशक फवारले आणि वाऱ्याने ते पिकावर उडाले तर पीकही करपते, तसाच हा प्रकार. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध अनेकांनी पाहिले असेल. ते प्रभावी आहे, पण हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात ते एकूण किती द्यायचे, याला मर्यादा असते.

मग औषध थेट गाठीपर्यंत पोचवता आले तर? या प्रश्नातूनच 'वाहक' ही कल्पना आली, आणि अशा वाहकांपैकी एक म्हणजे कार्बन.

कार्बन आपल्या घरचाच. चुलीवरची काजळी, कोळसा, पेन्सिलीतले शिसे आणि हिरासुद्धा कार्बनच. काही प्रकारच्या विषबाधेत आम्ही रुग्णाला खास तयार केलेला कोळसा पाण्यात कालवून पाजतो. त्याला इतकी छिद्रे असतात की एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, आणि विष त्याला चिकटून बसते. विष चिकटते तर औषधही चिकटेल, हे ओघाने आलेच.

फरक आकाराचा आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. या मापाचे कार्बनचे काही प्रकार शास्त्रज्ञांना गवसले. १९८५ मध्ये ६० अणूंचा फुटबॉलसारखा 'फुलरीन' सापडला. त्याबद्दल क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना १९९६ चे नोबेल मिळाले. १९९१ मध्ये जपानच्या सुमियो इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा, म्हणजे 'ग्राफीन', वेगळा केला.

डॉक्सोरुबिसिनचा रेणू सपाट कड्यांचा असल्याने तो ग्राफीनच्या सपाट पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. कर्करोगाची गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या व गळक्या राहतात. त्या फटींतून हे कण गाठीत शिरतील, अशी अपेक्षा. गाठीच्या आतले वातावरण किंचित आम्लधर्मी असते. तेथे पकड सैल होऊन औषध सुटते. २००८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात, पाण्यात न विरघळणारे केमोचे एक औषध अशा कार्बनच्या पापुद्र्यावर चढवून दाखवण्यात आले. २०११ मध्ये डीन हो यांच्या गटाने हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांवर डॉक्सोरुबिसिन बसवून उंदरांना दिले. साध्या औषधाला न जुमानणाऱ्या गाठीही त्याने आटोक्यात आल्या.

येथवर वाचून कोणाच्याही आशा पालवतील. पण दुसरी बाजूही पाहा. २००८ मध्येच एडिंबरोच्या शास्त्रज्ञांना दिसले की लांब, ताठ कार्बन नळ्या उंदरांच्या पोटाच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अशा नळ्यांच्या एका प्रकाराची नोंद 'कर्करोगास कारण ठरू शकेल' अशा गटात केली. शिवाय शरीरात टोचलेले बरेच कण यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. निरनिराळ्या नॅनो कणांवरील प्राण्यांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग साधारण ०.७ टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही, असे निघाले.

म्हणूनच आज कार्बनच्या वाहकावर बसवलेले केमोचे एकही औषध सर्रास उपचारासाठी मान्यता मिळून दवाखान्यात आलेले नाही. दुसऱ्या पदार्थांचे वाहक मात्र खरोखर वापरात आहेत. स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कुपीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली. तसे औषध आपल्याकडेही मिळते. त्याने हृदयाला धोका कमी होतो, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. त्रास बदलतो, नाहीसा होत नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण एक ताई. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांचे दोन डोस झाले होते, गाठ निम्म्याहून लहान झाली होती. उलट्यांना कंटाळून त्यांनी उपचार सोडले आणि कोणीतरी 'कार्बन नॅनो' म्हणून विकलेल्या बाटल्या चार महिने घेतल्या. दागिने गहाण पडले. परत आल्या तेव्हा काखेतही गाठी होत्या. पहिल्या उपचाराने साधले असते ते आता अवघड झाले आहे.

वाचकहो, म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत. त्रास होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस परस्पर चुकवू नका. केमोच्या काळात १००.४ अंशांच्या वर ताप आला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही जिवावर बेततो. नव्या औषधाची चाचणी असल्याचे कोणी सांगितले तर सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक आणि मराठीतील संमतिपत्र मागा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले तर तेथून उठा. आणि खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा, उपचार अर्धवट सोडण्याची वेळ येण्याआधी.

पुढील आठवड्यात : केमोच्या काळात काय खावे, काय टाळावे.