सरळ रेषांच्या वळत्या भिंती

25 मे 1945 च्या रात्री टोकियोवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात सेकिगुची भागातलं कॅथलिक कॅथीड्रल जळून गेलं. 1899 मध्ये बांधलेली ती लाकडी इमारत होती, युरोपच्या गॉथिक चर्चच्या वळणावर उभारलेली. 1920 पासून ती आर्चबिशपांचं मुख्य चर्च होती. जपानात कॅथलिक समाज मुळातच लहान. गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरले, तिथून या धर्माची जपानी कहाणी सुरू होते. पण पुढे अडीचशेहून जास्त वर्षं धर्मावर बंदी होती आणि ती 1873 मध्येच उठली. अशा समाजाला बेचिराख शहरात पुन्हा कॅथीड्रल उभारणं एकट्याने झेपणारं नव्हतं.

मदत आली जर्मनीतल्या कोलोनहून. ते शहर स्वतः बॉम्बवर्षावात सपाट झालेलं. तिथलं प्रसिद्ध कॅथीड्रल तेवढं घाव सोसून उभं राहिलं होतं. 1954 मध्ये कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स आणि टोकियोचे आर्चबिशप दोई यांच्या पुढाकाराने दोन धर्मप्रांतांचं नातं जुळलं आणि त्यातून नव्या इमारतीसाठी पैसा उभा राहिला. स्वतःचं शहर अजून पुरतं सावरलेलं नसताना त्या लोकांनी दूरच्या दुसऱ्या जळालेल्या शहरासाठी हात सैल सोडला, याचं मोल मला त्या इमारतीइतकंच मोठं वाटतं.

जुनं कॅथीड्रल जसंच्या तसं पुन्हा बांधता आलं असतं. त्याऐवजी केन्झो तांगे, कुनिओ माएकावा आणि योशिरो तानिगुची या तीन वास्तुकारांकडून आराखडे मागवले गेले. तांगेंनी उमेदवारी माएकावांच्याच कचेरीत केली होती. 1962 मध्ये निवड झाली ती तांगेंच्या आराखड्याची. हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय त्यांचंच, आणि टोकियो ऑलिंपिकसाठी योयोगीचं क्रीडागृहही त्याच सुमारास त्यांच्या हाती होतं. योयोगीप्रमाणे इथेही रचनेचं गणित योशिकात्सु त्सुबोई या अभियंत्याने सांभाळलं. एप्रिल 1963 मध्ये काम सुरू झालं आणि 8 डिसेंबर 1964 ला कॅथीड्रलचं पवित्रीकरण झालं.

तांगेंनी आधी युरोपातली मध्ययुगीन कॅथीड्रलं पाहिली होती. तिथून त्यांनी टोकदार कमानी आणल्या नाहीत. माणसाची मान आपोआप वर करणारी उंची आणि वरून झिरपणारा उजेड, एवढंच घेतलं. इमारत आठ भिंतींची आहे. जमिनीवर आराखडा साधारण शंकरपाळ्याच्या आकाराचा. भिंती वर चढता चढता आत वळतात आणि माथ्यावर त्यांच्या फटींतून काचेचा क्रूस तयार होतो. जे छत तोच क्रूस आणि तीच खिडकी. वेगळा घुमट नाही, खांबांच्या रांगा नाहीत.

या भिंतींचं गणित पाहण्याजोगं आहे. जुन्या, ढिल्या झालेल्या बाजेचा एकच कोपरा उचलून धरा. चौकट पिळवटते, नवारीची प्रत्येक पट्टी ताणलेली आणि सरळच राहते, तरी सगळ्या पट्ट्यांचा मिळून पृष्ठभाग मात्र वळतो. गणितात याला हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात. वक्र पृष्ठभाग असूनही त्यात सरळ रेषा लपलेल्या असल्याने काँक्रीटचं सेंटरिंग सरळ फळ्यांचं करता येतं, आणि दुहेरी वळणामुळे पातळ भिंतीलाही ताकद येते. आत काँक्रीटवर गिलावा नाही. फळ्यांचे ठसे तसेच दिसतात, त्यामुळे सुतारांचं काम आजही वाचता येतं.

आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा अंधारच जाणवतो. डोळे सरावल्यावर करड्या भिंती सुमारे चाळीस मीटर वर जाताना दिसतात आणि क्रूसाच्या चारही टोकांकडून काचेच्या उभ्या पट्ट्या खाली उतरलेल्या दिसतात. वेदीमागच्या पट्टीतून पिवळसर उजेड येतो. आवाज इथे कित्येक सेकंद घुमत राहतो. प्रवचनाला हे त्रासाचं, गाण्याला वरदान. 2004 मध्ये इटलीच्या माशोनी घराण्याचा पाइप ऑर्गन बसला, तो या घुमण्यावरच जगतो.

बाहेरून या भिंतींना स्टेनलेस स्टीलचं आवरण आहे, आणि घंटांचा साठ मीटरहून उंच मनोरा शेजारी स्वतंत्र उभा आहे. एवढ्या तिरक्या भिंती आणि एवढे काचेचे जोड म्हटल्यावर पाणी वाट काढणारच. गळती होत राहिली आणि 2007 मध्ये मोठी दुरुस्ती करून बाहेरचं आवरण बदलावं लागलं. काही लोक याला नव्या वास्तुकलेचा दोष म्हणतील. मला ते पटत नाही. दगडी कॅथीड्रलंही शतकानुशतकं डागडुजीवरच उभी आहेत आणि कोलोनच्या कॅथीड्रलवर तर परांची जवळजवळ कायमच असतात.

2005 मध्ये तांगे वारले, तेव्हा त्यांचा अंत्यविधी याच कॅथीड्रलमध्ये झाला. कोलोनशी नातंही इमारत उभी राहिल्यावर संपलं नव्हतं. 1979 मध्ये मैत्रीची पंचवीस वर्षं झाली, तेव्हा दोन्ही धर्मप्रांतांनी मिळून म्यानमारच्या चर्चला मदत करायचं ठरवलं.