कोपीतली उपासना



दिवाळीनंतर कडा-आष्टी भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. पहाटे अंधारात फड गाठायचा, गाडी भरायला रात्र. तिथे तासभराची उपासना जमणार कशी?

रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओव्यांच्या वळणाने ख्रिस्ती भजने रचली. ती पाठ होतात. मग पुस्तक, दिवा, अक्षरओळख यांवाचून अडत नाही. भाकरी थापताना एक कडवे, निजताना मुलांसह प्रभूची प्रार्थना, एवढे पुरे. मात्र रोज हवे. रविवारवर ठेवलेली प्रार्थना फडात राहूनच जाते.

यंदा टोळ्या निघण्यापूर्वी घरोघरी एक भजन आणि स्तोत्र २३ पाठ करून घेऊ या. मुलांचे आधी होईल, मोठ्यांना जरा वेळ द्यावा.