टाकाऊ कशाला म्हणायचे?

मागच्या वेळी आपण 'उपयोग' या शब्दाचा विचार केला. आज त्याची उलट बाजू पाहू. जास्वंदीत लाल रंग असतो, तसा टाकाऊपणा वस्तूत असतो का? नाही. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण नव्हे, तो आपला त्या वस्तूशी असलेला संबंध आहे. संबंध बदलता येतो. कचऱ्यावरचे सगळे संशोधन याच जागेवर उभे आहे.

एक उदाहरण घेऊ. बायोगॅस म्हटले की आपल्याला शेण आठवते. पण शेण म्हणजे काय? जनावराने पचवून उरलेला भाग. सहज पचणारे त्यातून आधीच काढून घेतलेले. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी साधा प्रश्न विचारला: मिथेन करणाऱ्या जिवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? खरकटे, खराब झालेले पीठ, नासकी फळे. शेण सुरुवातीला विरजणापुरते लागते; पुढे रोज एक-दोन किलो पिठूळ माल पुरतो, जिथे शेण बादल्या-बादल्यांनी लागले असते. मात्र हावरटपणे जास्त घातले, तर आत आंबटपणा वाढतो आणि गॅस थांबतो. या संयंत्राला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आता साखर कारखाना बघा. उसाची चिपाडे बॉयलरमध्ये जातात, त्यावर वीज होते. मळीपासून अल्कोहोल होते. छान! पण एक लिटर अल्कोहोलमागे साधारण दहा-बारा लिटर स्पेंट वॉश उरतो. तो तसाच ओढ्यात सोडला, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणजे टाकाऊपणा नाहीसा झाला नाही, एक पायरी खाली सरकला.

आणि शेतातले पाचट? त्याचा कोळसा करता येतो, कांड्या करता येतात. पेटवून देण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण तेच पाचट सरीत पसरले, तर ओल टिकते आणि कुजून ते मातीचे अन्न होते. मातीच्या बाजूने पाहिले तर ते कधी टाकाऊ नव्हतेच. सगळेच उचलून नेले, तर आपण कचरा वापरला म्हणायचे, की कुणाच्या ताटातले काढून घेतले?

तेव्हा 'कचऱ्यापासून संपत्ती' असे कोणी म्हटले, की आपण दोन प्रश्न विचारू. हे कोणासाठी टाकाऊ होते? आणि शेवटी उरलेले कोणाच्या दारात जाणार?