अडुसष्ट मिनिटांचा माल

अर्थशास्त्रात नाशवंत मालाचा विषय निघाला की दूध, भाजीपाला, मासळी ही उदाहरणे ठरलेली. परंतु प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा माग काढण्यासाठी आज जे किरणोत्सारी द्रव्य वापरले जाते, त्याच्यापुढे मासळीही टिकाऊ ठरावी. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे आहे.

या द्रव्याची योजना सुबोध आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावर 'पीएसएमए' हे प्रथिन बहुधा विपुल असते. त्याला नेमका चिकटणारा रेणू घडवावयाचा, त्यास किरणोत्सारी अणू जोडावयाचा आणि तो शिरेतून टोचावयाचा. मग हाडांत दडलेली गाठही पेट-स्कॅनमध्ये उजळून दिसते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विकसित झालेल्या अशा रेणूला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. ती मिळविली एखाद्या औषध कंपनीने नव्हे, तर कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठांनी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तपासणीची अचूकता ९२ टक्के भरली. सीटी व हाडांचा स्कॅन या जुन्या जोडीची ६५ टक्के.

शास्त्राचा प्रश्न असा बव्हंशी सुटला. वाटपाचा मात्र येथूनच सुरू होतो. गॅलियम ज्या जनित्रातून मिळते, त्यातील जर्मेनियम-६८ चे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवसांचे. दिवसाला दोन रुग्ण येवोत वा आठ, जनित्र झिजतच राहते. साहजिकच ते मोठ्या रुग्णालयांनाच परवडते. सायक्लोट्रॉनमध्ये तयार होणारे फ्लोरिन-१८ तुलनेने दमदार. पण त्याचेही अर्धायुष्य ११० मिनिटांचे. मुंबईहून सोलापूरला मोटारीने सात-साडेसात तास लागले, तर निघालेल्या मालाचा जेमतेम सोळावा हिस्सा पोहोचेल!

तिसरा मार्ग टेक्नेशियम-९९एम चा. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे, आणि त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९ तर ६६ तास टिकते. त्यामुळे जनित्र दूरच्या गावी पाठविता येते, आणि पेटपेक्षा स्वस्त असा गॅमा कॅमेरा तेथे पुरतो. पीएसएमए हुडकणारी टेक्नेशियम-संयुगे तयारही झाली आहेत. त्यांचे चित्र पेटइतके रेखीव नसते, लहान गाठी निसटू शकतात, हे मान्यच केले पाहिजे. तथापि मोजक्यांना सर्वोत्तम की बहुतांना पुरेसे, हा निर्णय बाजारावर सोपविला तर त्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे.

तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि १९६३ पासून कार्यरत असलेले परळचे विकिरण औषध केंद्र ही जनतेच्या पैशावर उभी राहिलेली ज्ञानसंपदा आहे. नफ्याच्या हिशेबात न बसणारे, परंतु जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचणारे द्रव्य सिद्ध करणे हे अशा संस्थांचेच कार्य होय. किरणोत्साराचा क्षय निसर्गनियमाने होतो. रुग्णाच्या संधीचा क्षय मात्र धोरणाने होतो, आणि धोरण बदलता येते.