शेततळ्यावरील पंप व गाळणी : नळजोडणीचा आराखडा

ऐन चैत्रात डाळिंबाच्या बागेतील पहिल्या ओळी टवटवीत आणि टोकाकडील ओळी मात्र मलूल, असे दृश्य ज्या शिवारात दिसते तेथे पाण्याचा तुटवडा असतोच असे नाही. तळ्यात पाणी असते, पंपही चालू असतो. परंतु ड्रीपरमधील वाट जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची असल्याने ती शेवाळाने व गाळाने बुजून गेलेली असते. अशा वेळी बागाईतदार पंपाला दोष देतो अथवा अधिक अश्वशक्तीचा पंप आणतो. बहुतेक ठिकाणी दोष पंपाचा नसून, पंप व फिल्टर यांची जागा आणि त्यांना जोडणाऱ्या नळांचा क्रम आधी कागदावर न मांडल्याचा असतो. सन २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर राज्यात तळ्यांची संख्या वाढली, त्यामुळे या प्रश्नाकडे अधिक काळजीने पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम विचार करावयाचा तो सक्शनचा. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः वातावरणाचा दाब पाण्यास पंपापर्यंत ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो आणि नाशिकसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीच्या प्रदेशात तो सुमारे ९.६ मीटर भरतो. त्यातून नळातील घर्षण, फूटव्हॉल्व्हचा अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाते. यास्तव उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पाणीपातळीपासून पंपापर्यंतचे उभे अंतर शक्य तो ५ मीटरच्या आत असावे. पावसाळ्यातील भरलेले तळे पाहून जागा ठरविणारा शेतकरी वैशाखात फसतो.

प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात दुसरी अडचण उभी राहते. कागदास छिद्र पाडणे योग्य नसल्याने नळ बांधावरून न्यावा लागतो. पंप बांधाच्या बाहेर खाली बसविला तर सक्शनचा नळ मध्येच उंच होऊन खाली उतरतो. त्या कमानीत हवा साठते आणि पंपाची धार तुटते. सक्शन पाइप पाण्यापासून पंपाकडे सतत किंचित चढता असला पाहिजे, त्यात उंचवटा मुळीच नसावा. म्हणून पंप बांधाच्या दाबून घट्ट केलेल्या माथ्यावर छोट्या ओट्यावर घ्यावा आणि वाळूने भरलेले जड फिल्टर मात्र बांधाखालच्या पक्क्या जमिनीवर मांडावेत. भरावाची माती खचली की जड फिल्टर कलतात आणि जोड गळू लागतात. पाण्यात बुडणारा पंप वापरल्यास सक्शनची ही चिंताच उरत नाही.

सक्शनचे तोंड तळाशी नसावे आणि अगदी पृष्ठभागावरही नसावे. तळाशी गाळ असतो, वर शेवाळाचा थर असतो. बंद पिंपांच्या तरंगत्या आधारावर लवचीक नळ बांधून तोंड पृष्ठभागाखाली सुमारे अर्धा मीटर ठेवल्यास पातळी उतरली तरी ते योग्य जागीच राहते. फूटव्हॉल्व्हला खेडोपाडी ‘फुटबॉल’ म्हणतात. नाव गमतीचे असले तरी त्याच्या जाळीची सफाई गमतीवारी नेण्यासारखी नाही.

नळाच्या जाडीत काटकसर करणे हे सर्वांत महाग पडते. सेकंदाला ५ लिटर पाणी जावयाचे असेल तर ६३ मिलिमीटर ऐवजी ७५ मिलिमीटरचा नळ घेतल्यास घर्षणातील तूट निम्म्याहूनही कमी होते. सक्शन त्याहून एक माप मोठा, म्हणजे ९० मिलिमीटरचा असावा. पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो लावू नये; निदान नळाच्या व्यासाच्या पाचपट लांबी सरळ ठेवावी. आडव्या सक्शनवर रिड्यूसर लावावयाचा असल्यास त्याची सपाट बाजू वर ठेवावी, अन्यथा तेथेही हवा अडकते. नळाचा भार पंपावर न पडता स्वतंत्र आधारावर पडावा, व दुरुस्तीसाठी पंप सुटा काढता यावा म्हणून दोन्ही बाजूंस युनियन अथवा फ्लँज जोडावेत.

पंपानंतरचा क्रम असा : प्रथम परत फिरणारे पाणी रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्यापुढे जादा पाणी तळ्यात परत सोडणारा बायपास, मग सँड फिल्टर, त्यानंतर खत सोडण्याची व्हेंच्युरी आणि शेवटी जाळीचा अथवा डिस्क फिल्टर. विहिरीच्या पाण्यात वाळू येत असल्यास सँड फिल्टरच्या आधी हायड्रोसायक्लोन घालावा. शेवाळ मऊ असल्याने एकटी जाळी त्याने पाहता पाहता बुजते. वाळूचा जाड थर मात्र ते आत अडकवून धरतो. खत जाळीच्या आधी सोडण्याचे कारण उघड आहे : न विरघळलेले कण जाळीवरच थांबावेत. बायपास खताच्या अलीकडे असावा, नाहीतर खताचे पाणी तळ्यात जाईल.

सँड फिल्टर उलट प्रवाहाने धुवावा लागतो, ही गोष्ट जोडणी पूर्ण झाल्यावर आठवते आणि मग नळ कापावे लागतात. शक्य असल्यास दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवावेत. एकाचा आगमनाचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचा सांडव्याचा व्हॉल्व्ह उघडला की दुसऱ्यातील गाळलेले पाणी खालून वर येऊन त्याची वाळू धुते. एकच फिल्टर असल्यास कच्च्याच पाण्याने धुवावे लागते. तेव्हा धुऊन झाल्यावर प्रवाह सरळ करून आरंभीचे गढूळ पाणी बाहेर सोडण्याची तोटी ठेवावी. सांडव्याचे पाणी तळ्यात परत नेऊ नये, कारण बाहेर काढलेला गाळ पुन्हा सक्शनच्या तोंडाशी येतो. ते बांधावरील झाडांकडे वळवावे. फिल्टरचे झाकण उघडून हात आत घालता येईल एवढी मोकळी जागा चोहोबाजूंनी सोडावी.

धुण्याची वेळ घड्याळावरून नव्हे, दाबावरून ठरते. फिल्टरच्या आधी व नंतर दाबमापक लावून, वाळू स्वच्छ असताना दोहोंत किती फरक पडतो तो भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. हा फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलोने वाढला की फिल्टर धुवावा. एवढी वाढ म्हणजे पंपाने पाणी ३ मीटर अधिक उंच चढविण्यासारखेच आहे, आणि त्याचा भुर्दंड वीजबिलात पडतो. दोन मापकांत तफावत असण्याचा संभव असल्याने एकच मापक दोन्ही बाजूंस जोडता येईल अशी तोटी बसविणे अधिक खात्रीचे.

जोडणी झाल्यावर सक्शनची परीक्षा निराळी करावी. पुढच्या नळातील गळती पाण्याने दिसते, सक्शनमधील गळती दिसत नाही; तेथून पाणी बाहेर न येता हवा आत शिरते. पंप बंद असताना सक्शन पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा. सकाळी पातळी उतरलेली आढळल्यास फूटव्हॉल्व्ह अथवा एखादा जोड सैल आहे असे समजावे. त्यानंतर मुख्य नळ, उपनळ आणि लॅटरल यांची टोके त्याच क्रमाने उघडी ठेवून नितळ पाणी येईपर्यंत पंप चालवावा. नळ कापताना आत पडलेला प्लॅस्टिकचा भुसा व माती निघून गेल्यावरच टोके बंद करावीत.